कोन्याची वाट : सम्राट मॅन्युएलची ११७६ची मोहीम

बायझंटाइन सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस ११७६ साली कोन्यावर चालून निघाला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर बैलगाड्यांचा प्रचंड तांडा होता. या तयारीसाठी थ्रेसमधल्या खेड्यापाड्यांतून ३,०००हून जास्त गाड्या आणि त्यांचे बैल मागवल्याचे समकालीन इतिहासकार योआनेस किनामोस सांगतो. गाड्यांत धान्य होते, छावणीचे सामान होते आणि तटबंदी फोडायची अवजड दगडफेकी यंत्रे होती. अनातोलियाच्या पठारावर मध्यभागी वसलेले कोन्या, म्हणजे जुने इकोनियम, ही रूमच्या सेल्जुक सुलतानांची राजधानी होती. बायझंटाइन सम्राटांनी तिच्याकडे यापूर्वीही मोर्चा वळवला होता, पण तिला वेढा घालून ती घ्यायचीच, इतक्या तयारीने कोणी निघाले नव्हते.

ही मोहीम बहुधा १७ सप्टेंबर ११७६ या एका दिवसापुरती सांगितली जाते. मिरिओकेफालॉनजवळच्या खिंडीत सापडलेली फौज, रात्री खचून गेलेला सम्राट, सकाळी झालेला तह, एवढ्यात गोष्ट संपते. पुढील प्रकरणांत तो दिवस सविस्तर येतोच. मात्र तो वाचताना वाचकाने गाड्यांवरची नजर काढू नये, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे. कोन्या घ्यायचे तर यंत्रे हवीत, यंत्रे न्यायची तर गाड्या हव्यात, आणि गाड्या सांभाळत डोंगरातून जाणारी फौज तुर्की घोडेस्वारांना हवी असते तशी संथ आणि लांबलचक होते. मॅन्युएलपुढचा खरा पेच हा होता. तो त्याला सुटला नाही. त्याहून खेदाची गोष्ट ही, की ऐन वेळी तो सोडवण्यासाठी त्याने पुरेसे कष्टही घेतले नाहीत.

मागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. २६ ऑगस्ट १०७१ रोजी वान सरोवराच्या उत्तरेला मान्झिकर्ट येथे सम्राट रोमानोस दियोगेनेस सेल्जुक सुलतान आल्प अर्सलानच्या हाती जिवंत सापडला. सुलतानाने त्याला आठवड्याभरात सन्मानाने सोडले. त्याचे डोळे काढले ते त्याच्याच लोकांनी, पुढच्या वर्षी, गादीच्या भांडणात. अनातोलिया तुर्कांच्या हाती गेली ती त्या एका लढाईपेक्षा या भांडणांमुळे जास्त. गादीवर हक्क सांगणारा प्रत्येक सरदार तुर्की टोळ्यांना मदतीला बोलवी आणि त्या टोळ्या गावे, गढ्या धरून तिथेच राहत. राजधानी कॉन्स्टँटिनोपलपासून काही दिवसांच्या वाटेवरचे निकीया काही काळ सेल्जुकांचे ठाणे होते. १०९७ साली पहिल्या क्रुसेडच्या धक्क्याने ते सुटले आणि सेल्जुकांनी कोन्या गाठले. मॅन्युएलचा आजोबा अलेक्सिओस आणि बाप योआनेस यांनी किनारे व पश्चिमेकडची सुपीक नदीखोरी परत मिळवली. वरचे पठार मात्र तुर्कांकडे राहिले.

हे पठार ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. कोन्या समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. उन्हाळा कोरडा, पाणी मोजक्या ठिकाणी. तुर्कमान धनगर उन्हाळ्यात मेंढरे घेऊन उंचावर जात आणि थंडी पडली की खाली खोऱ्यांत उतरत, जिथे ग्रीक शेतकऱ्यांची उभी पिके आणि भरलेली कोठारे असत. त्यामुळे सरहद्द अशी रेघ नव्हतीच. ऋतूप्रमाणे मागेपुढे होणारा एक रुंद पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात दरवर्षी गावे लुटली जात. सम्राट सुलतानाकडे तक्रार करी, सुलतान उत्तर देई की हे लोक आपले ऐकत नाहीत. हे उत्तर पुष्कळदा खरे होते आणि नेहमीच सोयीचे होते.

मॅन्युएलने कोन्याचे तट पहिल्यांदा पाहिले ते ११४६ साली. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. वाटेत फिलोमेलियन, म्हणजे आजचे अकशेहिर, जाळून तो सुलतान मसूदच्या राजधानीच्या वेशीपर्यंत पोचला. त्याच्या सैनिकांनी शहराबाहेरच्या वस्त्या लुटल्या, कबरी उकरल्या. पुढे काय? तट फोडायला यंत्रे नव्हती, दीर्घ वेढ्याला पुरेल अशी रसद नव्हती आणि पश्चिमेकडून दुसरे क्रुसेड निघाल्याच्या बातम्या होत्या. त्याला माघारी फिरावे लागले, आणि परतीच्या डोंगरवाटेवर तुर्कांनी त्याला चांगलेच भाजून काढले. या माघारीत तो स्वतः फार शौर्याने लढला. त्याचे स्तुतिपाठक त्या शौर्याबद्दल भरभरून लिहितात. पण वेशीपाशी जाऊन हात हलवत परत येणे हा अनुभव त्याच्या मनातून गेला नसावा. तीस वर्षांनी तो आला तो गाड्या घेऊनच.

या तीस वर्षांत त्याने तलवारीपेक्षा मुत्सद्देगिरीवर भर दिला. मसूदचा मुलगा किलिज अर्सलान दुसरा ११६१च्या सुमारास स्वतः कॉन्स्टँटिनोपलला आला आणि जवळपास ८० दिवस पाहुणचार घेत राहिला. मॅन्युएल रत्नजडित उंच सिंहासनावर बसला होता आणि सुलतान त्याच्यासमोर बसायला आधी कचरत होता, हे वर्णन किनामोसने मोठ्या चवीने केले आहे. घोड्यांच्या शर्यती झाल्या, मेजवान्या झाल्या. सुलतानाला बरोबर घेऊन मिरवणूक काढायचा बेत होता, पण पॅट्रिआर्कने, म्हणजे मुख्य धर्मगुरूने, विरोध केला आणि त्यातच भूकंप झाला. सुलतानाने शहरे परत करायचे आणि टोळ्यांना आवरायचे वचन दिले. सोने-चांदी, वस्त्रे घेऊन तो परत गेला. वचने पाळली नाहीत. सम्राटाकडून मिळालेला पैसा आणि पश्चिमेकडची शांतता यांचा उपयोग त्याने पूर्वेकडचे दानिशमंद अमीर एकेक करून संपवायला केला.

किलिज अर्सलानकडे केवळ लबाड शत्रू म्हणून पाहणे हा बायझंटाइन इतिहासकारांचा दोष आहे आणि आधुनिक वाचकाने तो उचलू नये. भावांशी, दानिशमंदांशी, सीरियाच्या नूरुद्दीनशी आणि स्वतःच्याच बेलगाम तुर्कमानांशी झुंजत त्याने एक राज्य उभे केले. मॅन्युएल दोन पिढ्यांची कमाई घेऊन गादीवर बसला होता. सुलतानाला तसा वारसा नव्हता. त्याने वाट पाहिली आणि त्याला हवी ती वेळ ११७४ साली आली. नूरुद्दीन वारला, त्याचा पूर्वेकडचा धाक संपला आणि दानिशमंदांचा उरलेला मुलूखही सुलतानाने गिळला. हाकलून दिलेला दानिशमंद अमीर झुन्नून आणि खुद्द सुलतानाचा भाऊ शाहिनशाह यांनी कॉन्स्टँटिनोपलचा आश्रय घेतला. एका तुर्काला दुसऱ्यावर घालून समतोल राखायचे मॅन्युएलचे धोरण इथे संपले, कारण समतोल राखायला दुसरे कोणी उरलेच नाही.

११७५मध्ये त्याने आधी पाया घातला. आजच्या एस्किशेहिरजवळचे दोरिलायन हे एकेकाळचे भरभराटीचे शहर ओसाड पडले होते आणि तुर्कमान तिथे तंबू ठोकून मेंढरे चारत होते. त्यांना हुसकावून मॅन्युएलने नवा कोट बांधायला घेतला. दगड वाहायला पहिला खांदा त्याने स्वतःचा दिला, आणि चाळीस दिवसांच्या आत काम उरकले. मग दक्षिणेला मेआंदर नदीच्या उगमाकडे सुब्लायनचा कोट बांधला. हे दोन कोट म्हणजे तुर्कमानांच्या कुरणांच्या तोंडाशी मारलेल्या मेखा होत्या. सुलतानाला त्यांचा अर्थ ताबडतोब कळला. मोहिमेनंतरच्या तहात त्याने सोने मागितले नाही, मुलूख मागितला नाही, हे दोन कोट पाडा एवढेच मागितले. या कोटांत दम होता याची याहून भक्कम साक्ष मिळणार नाही.

मोहिमेला धर्मयुद्धाचा रंगही दिला गेला. जेरुसलेमची जमिनीवरची वाट मोकळी करू, असे मॅन्युएलने पोप अलेक्झांडर तिसऱ्याला कळवले, आणि जानेवारी ११७६मध्ये पोपने फ्रान्समधल्या आपल्या वकिलाला सरदार उठवायला सांगितले. या धर्मभावनेत खोटेपणा होता असे मानायचे कारण नाही. पण त्या सरहद्दीवर धर्म आणि निष्ठा यांच्या जोड्या नेहमी जुळत नसत. मॅन्युएलचा सख्खा चुलतभाऊ योआनेस आपल्या काकाशी बिनसल्यावर सेल्जुकांकडे गेला, मुसलमान झाला आणि सुलतानाचा जावई बनला. मिरिओकेफालॉनच्या रणातून तहाची बोलणी घेऊन सुलतानातर्फे जो माणूस आला, तो गाब्रास या ट्रेबिझोंदकडच्या नामांकित ग्रीक घराण्यातला होता.

योजना दुहेरी होती. सम्राटाचा पुतण्या आंद्रोनिकोस वाताट्झेस एक फौज घेऊन उत्तरेकडून नेओकेसारिया, म्हणजे निक्सारकडे गेला. मुख्य फौज घेऊन सम्राट दक्षिणेच्या वाटेने निघाला: लाओदिकेया, खोनाय, केलायनाय, मेआंदरचे उगम. खोनायला त्याने देवदूत मिखाएलच्या प्रसिद्ध देवळात दर्शन घेतले. या मोहिमेचा मुख्य इतिहासकार निकेतास खोनियातेस याचे हे जन्मगाव. फौजेत ग्रीकांबरोबर अँटिऑकचे लॅटिन सरदार, हंगेरियन, सर्ब असे अनेक होते. आधुनिक अभ्यासक लढवय्यांचा अंदाज २५ ते ३५ हजारांच्या दरम्यान करतात. त्याशिवाय गाडीवान, नोकरचाकर आणि बाजारबुणगे.

सुलतान समोर आला नाही. वाटेवरचे गवत त्याने जाळले, विहिरी आणि झरे नासवले. दूषित पाण्याने फौजेत हगवण पसरली. तुर्की तुकड्या दुरून बाण सोडत आणि निघून जात. दरम्यान निक्सारची मोहीम फसली आणि वाताट्झेस मारला गेला. तरीही सुलतानाने तहासाठी वकील पाठवले. पठारावरच्या लढाईत केस पांढरे केलेल्या सेनानींनी तह घ्यावा असे सांगितले. तरुण नातलग सरदारांनी उलट सल्ला दिला आणि मॅन्युएलने त्यांचे ऐकले. उत्तर कोन्यात देऊ, असे वकिलांना सांगण्यात आले.

पुढे मिरिओकेफालॉन ही पडीक गढी आणि तिच्यापलीकडे त्झिव्रित्झे नावाची लांब, अरुंद खिंड होती. ती नेमकी कोणती यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. काही जण ती एईरदिर सरोवराच्या उत्तरेकडे शोधतात, काही कोन्याच्या जवळ पश्चिमेला. डोंगरांच्या माथ्यांवर तुर्क आहेत हे सम्राटाला ठाऊक होते. तरी त्याने माथे आधी ताब्यात घेतले नाहीत, जड सामान मागे ठेवले नाही, यंत्रे हलकी करून वाहिली नाहीत. निकेतास हे दोष एकेक करून नोंदवतो आणि त्याच्याशी वाद घालायला जागा नाही.

याच घराण्यात उलट उदाहरण होते. आजोबा अलेक्सिओस म्हातारपणी, १११६ साली, फिलोमेलियनकडून परतत होता. त्याच्याबरोबर पठारावरून निघालेली ग्रीक कुटुंबे होती, बायका होत्या, मुले होती, आजारी माणसे होती. त्याने सगळ्यांना मध्ये घेऊन सैन्याची भरीव चौकट रचली, मुंगीच्या पावलाने चालला आणि तुर्कांचे हल्ले परतवत त्यांना सुखरूप आणले. ती चाल मॅन्युएलला नक्कीच माहीत होती. पण मोकळ्या माळावरची चौकट खिंडीत रचता येत नाही, आणि म्हणून खिंडीत शिरण्याआधी डोंगर राखणे भाग असते.

मॅन्युएलने पुढे इंग्लंडच्या हेन्री दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात फौजेची लांबी दहा मैल सांगितली आहे. बिनीला आंगेलोस बंधू, माक्रोदूकास आणि लाम्पारदास हे सरदार होते. त्यांचे पायदळ उतारावरच्या तुर्कांना रेटत खिंडीपार गेले आणि एका टेकाडावर छावणी करून बसले. मागोमाग उजव्या बाजूची फौज घेऊन सम्राटाचा मेहुणा, अँटिऑकचा बाल्डविन, आला. तोपर्यंत तुर्क पुन्हा उतारांवर जमले होते. ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. बाल्डविनने घोडेस्वार घेऊन चढावर हल्ला केला आणि तो मारला गेला. मग तुर्कांची नजर गाड्यांकडे वळली. त्यांनी बैल टिपले. मेलेल्या बैलांसकट गाड्या वाटेत आडव्या झाल्या आणि खिंडीला बूच बसले. मागून येणाऱ्यांना पुढे जाता येईना, पुढच्यांना मागे वळता येईना. तेवढ्यात वाताट्झेसचे मुंडके भाल्यावर लावून नाचवले गेले. पुतण्याचा चेहरा ओळखून मॅन्युएल काही वेळ अगदी सुन्न झाला होता, असे निकेतास लिहितो.

पुढे वाळूचे वादळ उठले आणि त्या धुरळ्यात आपला कोण, परका कोण हे न कळता लोक एकमेकांना मारू लागले. सम्राटाच्या ढालीत सुमारे तीस बाण रुतले होते, शिरस्त्राण वाकडे झाले होते. थोडा वेळ तो एका रानटी नासपतीच्या झाडाखाली एकटाच टेकला. शेवटी मोजक्या माणसांसह वाट काढत तो बिनीच्या छावणीला जाऊन मिळाला. संध्याकाळी आंद्रोनिकोस कोन्तोस्तेफानोसची पिछाडीही बरीचशी शाबूत तिथे पोचली.

छावणीकडे येताना वाटेत तहानेने व्याकूळ होऊन सम्राटाने ओढ्याचे पाणी तोंडाला लावले आणि ते रक्ताने गढूळलेले निघाले. ख्रिस्ती रक्त प्यायलो, असे तो कळवळून म्हणाला. तेव्हा जवळच्या एका शिपायाने त्याला सुनावले की हे काही पहिल्यांदा नाही, करांनी पिळून प्रजेचे रक्त तो आजवर पीतच आला आहे. तुर्क खजिन्याच्या थैल्या फोडताना दिसले तेव्हा मॅन्युएलने आपल्या लोकांना ते सोने उचलायला सांगितले. त्यावर, हे आधी खुशीने द्यायला हवे होते, असे उत्तर त्याला मिळाले. रात्री छावणीत त्याने गुपचूप निसटायचा विचार बोलून दाखवला. कोन्तोस्तेफानोस थक्क झाला आणि तंबूबाहेर उभ्या असलेल्या एका साध्या शिपायाने ते ऐकून सम्राटाची निर्भर्त्सना केली. आम्हाला या खिंडीत आणून कोंबणारा आता आम्हालाच सोडून जातो, हा त्या बोलण्याचा मथितार्थ. मॅन्युएल थांबला.

शिपायांची ही बोलणी शब्दशः खरी असतील असे नाही. निकेतास तिथे नव्हता, आणि १२०४ साली क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटल्यानंतरच्या कडवट काळात त्याने आपला ग्रंथ पुरा केला. मॅन्युएलच्या उधळपट्टीत त्याला पुढच्या सर्वनाशाची बीजे दिसत होती आणि त्याने ती शिपायांच्या तोंडून वदवली. पण करांनी गांजलेल्या लोकांचा राग खरा होता, आणि ज्या फौजेत तो राग इतका वरवर आलेला असतो तिला खिंडीत नेणे आणखी धोक्याचे असते. दुसरा इतिहासकार, सम्राटाचा भक्त किनामोस, इथे आपल्याला सोडून जातो. त्याच्या ग्रंथाची उपलब्ध प्रत ११७६च्या हकिगतीतच, मुख्य लढाईच्या आधी, तुटते.

सकाळी सुलतानाने कोंडलेल्या फौजेला संपवायचे सोडून गाब्रासला पाठवले. भेट म्हणून उत्तम घोडा आणि तलवार होती. ही उदारता नव्हती. बिनी आणि पिछाडी अजून लढण्याजोगी होती, तुर्कमान लुटीत गुंतले होते, आणि बायझंटाइन फौज पार नष्ट झाली तर त्याच तुर्कमानांना आवरायला सुलतानाकडे काही उरले नसते. मुख्य म्हणजे त्याचे काम झाले होते. वेढ्याची यंत्रे गेली होती, आणि त्यांच्याशिवाय मॅन्युएल पुन्हा ११४६च्याच जागी आला होता. परतीच्या वाटेवर तहाला न जुमानता तुर्कमानांनी हल्ले केलेच.

मॅन्युएलने सुब्लायन पाडले, दोरिलायन पाडले नाही. ११७७मध्ये सुलतानाने मेआंदरच्या खोऱ्यात फौज सोडली आणि समुद्राचे पाणी, वाळू आणि एक वल्हे आणायला तिला बजावले. तिने ट्रालेस लुटले, पण परतताना नदी ओलांडण्याच्या जागी सम्राटाचा सेनानी योआनेस वाताट्झेसने तिला दबा धरून गाठले आणि तिची धूळधाण केली. तुर्कांनी क्लौदिओपोलिसला वेढा घातला तेव्हा साठीला टेकलेला मॅन्युएल तंबू, बिछाना काही न घेता रात्रंदिवस घोडा पळवत गेला आणि वेढा उठवला. म्हणजे मिरिओकेफालॉनला फौज संपली, हे जुने मत टिकत नाही. अनातोलिया इथे गमावली, हेही नाही. गमावली ती कोन्या घेण्याची उमेद. इतिहासकार टायरचा विल्यम कॉन्स्टँटिनोपलला येऊन सम्राटाला भेटून गेला होता. मिरिओकेफालॉनच्या दिवसाच्या आठवणीने मॅन्युएलचा पूर्वीचा आनंदी स्वभाव हरपला होता, असे तो लिहितो. २४ सप्टेंबर ११८० रोजी मॅन्युएल वारला. मागे अकरा वर्षांचा मुलगा होता. दोन-तीन वर्षांत सोझोपोलिस आणि कोत्यायन ही शहरे सुलतानाकडे गेली.

एक आक्षेप इथेच घ्यायला हवा, कारण तो या प्रस्तावनेच्या मुळावर येतो. १८ मे ११९० रोजी जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या उपाशी, घोडे गमावलेल्या क्रुसेडी फौजेने कोन्या जिंकले, तेही मॅन्युएलसारखा यंत्रांचा तांडा न घेता. मग मॅन्युएलला इतक्या गाड्यांची गरजच काय होती? फरक दोन आहेत. ११९०पर्यंत म्हाताऱ्या किलिज अर्सलानने राज्य मुलांमध्ये वाटून दिले होते आणि ती मुले एकमेकांच्या जिवावर उठली होती. ११७६मध्ये तो एकटा, पूर्ण ताकदीनिशी उभा होता. दुसरे म्हणजे फ्रेडरिकला शहर हवे होते ते धान्य, घोडे आणि पुढची वाट मिळेपर्यंत, आणि काही दिवसांत तो निघूनही गेला. मॅन्युएलला ते ठेवायचे होते. तट घेऊन पुन्हा बांधायचे, शिबंदी बसवायची, तिला हिवाळाभर पोसायचे, तर तेवढा पसारा अटळ होता. चूक होती ती एवढी यंत्रसामग्री डोंगर न राखता एकाच रांगेत खिंडीत ढकलण्यात. त्यानंतर कोणताही बायझंटाइन सम्राट कोन्या घ्यायला निघाला नाही.